वाढीव व्हीलबेस : मागच्या आसनाचे सुख आणि गल्लीतले वळण

वसई : निवासी इमारतीच्या वाहनतळात एका मोटारीसाठी ठेवायच्या जागेचे किमान माप राज्याच्या २०२०च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असे आहे. पुण्यात जोडणी होणाऱ्या ‘रेंज रोव्हर’च्या लांब व्हीलबेसच्या आवृत्तीची लांबी ५.२५ मीटर भरते. म्हणजे गाडी नियमात बसणाऱ्या जागेत उभी केली तरी वीतभर बाहेर राहणार. रुंदीची गोष्ट आणखी अडचणीची. आरसे मिटलेल्या अवस्थेत ही गाडी दोन मीटरहून थोडी अधिक रुंद आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंना जेमतेम वीत-वीतभर जागा उरते. या आवृत्तीचे वैशिष्ट्य म्हणजे तिचे मागचे लांबलचक दार. नेमके तेच दार अशा जागेत उघडता येत नाही.

२०२४ मध्ये या गाडीची शोरूममधील किंमत दोन कोटी ३६ लाख रुपयांपासून सुरू झाली, तेव्हा ही अडचण मूठभरांची म्हणून सोडून देता आली असती. तथापि गेल्या काही वर्षांत ‘खडतर रस्त्यांची गाडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वाहनाची लांब आवृत्ती भारतीय बाजारात आली आहे. मारुतीची पाच दारी ‘जिम्नी’ २०२३ मध्ये आली, तर फोर्स मोटर्सची पाच दारी ‘गुरखा’ आणि महिंद्रची ‘थार रॉक्स’ या दोन्ही २०२४ मध्ये आल्या. यांच्या किमती बारा-तेरा लाखांपासून अठरा लाखांच्या आसपास सुरू झाल्याने हा विषय आता वसई, नालासोपारा आणि विरारच्या मध्यमवर्गीय गृहसंकुलांतही येऊन पोहोचला आहे. ‘एमएच-४८’ पाटीची नवी गाडी घेताना कुटुंबात चर्चा होते ती रंगाची, इंजिनाची आणि हप्त्यांची. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर किती, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. गाडी घरी आल्यावर मात्र रोज त्याच अंतराशी गाठ पडते.

अंतर नेमके कशाचे?

पुढच्या चाकाच्या मध्यबिंदूपासून मागच्या चाकाच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे व्हीलबेस. गाडीची एकूण लांबी आणि व्हीलबेस या दोन वेगळ्या गोष्टी असून विक्रेत्यांच्या बोलण्यात त्यांची सर्रास गल्लत होते. लँड रोव्हरच्या ‘डिफेंडर’चे उदाहरण घेतल्यास हा फरक स्पष्ट होतो. ‘डिफेंडर ९०’चा व्हीलबेस २,५८७ मि.मी. आणि ‘११०’चा ३,०२२ मि.मी. आहे. त्याहून मोठ्या ‘१३०’चा व्हीलबेस मात्र पुन्हा ३,०२२ मि.मी.च! वाढवला आहे तो फक्त मागच्या चाकामागचा भाग, सुमारे ३४० मि.मी.ने. परिणामी चढावरून उतरताना मागचा भाग जमिनीला न घासता जो कोन साधता येतो, तो ‘११०’मध्ये ४० अंश, तर ‘१३०’मध्ये साडेअठ्ठावीस अंशांवर आला. तिसऱ्या रांगेसाठी जागा मिळाली, पण शेपूट लांबले.

व्हीलबेस वाढवण्याचा मार्ग याहून वेगळा आणि खर्चिक असतो. तीन दारी थारचा व्हीलबेस २,४५० मि.मी., तर रॉक्सचा २,८५०. गुरखाचे आकडे २,४०० आणि २,८२५ असे आहेत. जिम्नीत ही वाढ २,२५० वरून २,५९० इतकी झाली. या सर्व उदाहरणांत साधारण एक ते दीड फूट अंतर दोन चाकांच्या मधोमध घातले गेले आहे, आणि ते सगळे मागच्या प्रवाशाच्या वाट्याला आले आहे.

हे अंतर वाढल्याने फक्त पाय पसरता येतात असे नाही. छोट्या व्हीलबेसच्या गाडीत मागचा प्रवासी जवळजवळ मागच्या आसाच्या डोक्यावर बसलेला असतो. चाक खड्ड्यात गेले की तो धक्का थेट मणक्याला. व्हीलबेस वाढला की आसन आसाच्या पुढे सरकते आणि धक्क्याचा काही अंश वाटेतच विरतो. शिवाय गाडीचे पुढे-मागे डुलणेही कमी होते. १०० मि.मी. उंचीच्या गतिरोधकावर पुढचे चाक चढले असता २,४०० मि.मी.च्या गाडीला सुमारे २.४ अंशांचा कल येतो, २,८५० मि.मी.च्या गाडीला दोन अंशांचा. फरक कागदावर किरकोळ दिसतो. परंतु वसई फाट्यावरून अंबाडी मार्गे स्थानकाकडे येताना लागणारे उंचवटे आणि खाचखळगे मोजले, तर मागे बसलेल्या आजी-आजोबांना तो किरकोळ वाटणार नाही. महामार्गावर वेगात असताना लांब गाडी सरळ रेषेत अधिक स्थिर राहते, हा लाभ वेगळाच.

जीपपासून काळी-पिवळीपर्यंत

लांब व्हीलबेस ही श्रीमंतांची चैन म्हणून जन्माला आली, असा समज असेल तर तो चुकीचा ठरेल. तिचा उगम कष्टाच्या कामात आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलिज जीपचा व्हीलबेस अवघा ८० इंचांचा होता. डोंगर, चिखल, खंदक यांतून मार्ग काढण्यासाठी तो उत्तम. पण चार माणसे आणि त्यांचे सामान एकत्र नेण्यास अपुरा. म्हणून १९५०च्या दशकाच्या मध्यास ‘सीजे-५’ या ८१ इंची जीपबरोबर तब्बल वीस इंच लांब ‘सीजे-६’ बाजारात आली. ब्रिटनमध्येही तेच घडत होते. १९४८ची पहिली लँड रोव्हर ८० इंचांची होती. पुढे ८८ आणि १०९ इंच अशा दोन मापांची जोडी रूढ झाली : शेतकऱ्याला आखूड आणि माणसे-माल वाहणाऱ्याला लांब. जर्मन ‘जी-वॅगन’ १९७९ मध्ये आली तीच मुळी २,४०० आणि २,८५० मि.मी. अशा दोन मापांत. आजच्या गुरखा आणि रॉक्सच्या आकड्यांशी ही मापे किती जवळची आहेत, हे पाहण्याजोगे आहे. पंचेचाळीस वर्षांत माणसाच्या पायांची लांबी बदललेली नाही, तर आसनांसाठी लागणारे अंतर तरी का बदलावे?

महाराष्ट्राचा या इतिहासाशी जुना संबंध आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ हे नाव घेतलेल्या कंपनीने विलिज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगाव येथे जोडणी सुरू केली. नंतरच्या काळात ९१ इंची ‘एमएम-५४०’ आणि त्याहून लांब ‘कमांडर’सारख्या गाड्या आल्या. पुण्याच्या बजाज टेम्पोने (२००५ पासून फोर्स मोटर्स) ‘ट्रॅक्स’ आणली. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतील प्रवाशांना लांब व्हीलबेस म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. एसटीची वेळ चुकल्यावर ज्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये समोरासमोरच्या बाकड्यांवर दाटीवाटीने बसून बाजार गाठला, ती लांब व्हीलबेसचीच गाडी होती. तेव्हा वाढीव अंतरात माणसे भरली जात. आता त्याच अंतरात एकाच माणसाचे आसन मागे झुकते, त्याला मसाज करते आणि पायाखाली टेकू देते.

हे स्थित्यंतर घडवले ते रेंज रोव्हरने. १९७० मध्ये आलेली मूळ गाडी दोन दारांची आणि १०० इंच व्हीलबेसची होती; आतील भाग पाण्याने धुता येईल असा साधा. चार दारांची आवृत्ती १९८१ मध्ये आली. दरम्यान ब्रिटनमधील खासगी बांधणीदार आखाती देशांतील धनिकांसाठी याच गाड्या मधोमध कापून लांब करून देत होते. या मागणीची दखल घेत कंपनीने १९९२ मध्ये स्वतःच १०८ इंची ‘एलएसई’ सादर केली. पुढच्या पिढ्यांतील आकडे पाहिल्यास एक गंमत आढळते. २०१२ साली आलेल्या पिढीत व्हीलबेस २,९२२ वरून ३,१२० मि.मी., तर आताच्या पिढीत २,९९७ वरून ३,१९७ मि.मी. करण्यात आला. म्हणजे प्रत्येक वेळी वाढ सुमारे आठ इंचांचीच! याहून टोकाचे उदाहरण मर्सिडीझचे आहे. २०१७ मध्ये कंपनीने ‘जी-क्लास’चा व्हीलबेस ३,४२८ मि.मी.पर्यंत ताणून मागील छत उघडणारी मेबॅक आवृत्ती काढली आणि अवघ्या ९९ गाड्या बनवल्या. डोंगर चढण्यासाठी त्यांतील किती विकत घेतल्या गेल्या असतील, हे वाचकांनीच ठरवावे.

मालक मागे, चालक पुढे

चीन आणि भारत या दोन बाजारपेठांनी लांब गाड्यांना खरे बळ दिले. दोन्हीकडे महागड्या गाडीचा मालक स्वतः क्वचितच चाकामागे बसतो. चीनमध्ये ऑडीने १९९९ मध्येच ‘ए-६’ची लांब आवृत्ती तेथे बनवण्यास सुरुवात केली. भारतात मर्सिडीझने २०१७ मध्ये चाकणच्या कारखान्यातून लांब व्हीलबेसची ‘ई-क्लास’ बाहेर काढली. मूळ गाडीपेक्षा १४० मि.मी. जास्त अंतर असलेली ही गाडी उजव्या बाजूला सुकाणू असलेल्या देशांपैकी सर्वप्रथम भारतालाच मिळाली. बीएमडब्ल्यूने २०२५ मध्ये ‘आयएक्स-१’ या विजेवरील छोट्या एसयूव्हीचीही लांब आवृत्ती आणली. टाटा समूहाने २००८ मध्ये ताब्यात घेतलेल्या जग्वार लँड रोव्हरने मे २०२४ मध्ये रेंज रोव्हरची जोडणी पुण्यात करण्याची घोषणा केली, तेव्हा तिच्या ५४ वर्षांच्या इतिहासात ती प्रथमच ब्रिटनबाहेर तयार होणार होती. त्यासाठी निवड झाली ती लांब व्हीलबेसची. भारतीय ग्राहकाची आवड याहून स्पष्ट काय सांगणार? जोडणी येथे झाल्याने किमतीत १८ ते २२ टक्के घट झाली.

आश्चर्य म्हणजे आखूड गाड्यांचे माहेरघर असलेल्या जपानलाही पाच दारांचा मोह आवरला नाही. भारतात बनलेली पाच दारी जिम्नी जानेवारी २०२५ अखेरीस तेथे दाखल झाली आणि अवघ्या काही दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या आल्याने कंपनीला नोंदणी थांबवावी लागली.

जे मिळते त्याची किंमत

लांब व्हीलबेसचे दोन तोटे भूमितीतूनच येतात आणि ते कोणत्याही तंत्रज्ञानाने पूर्णपणे टळत नाहीत.

पहिला तोटा पोट टेकण्याचा. उंचवट्याच्या माथ्यावर पुढची चाके पलीकडे आणि मागची अलीकडे असताना गाडीचा मधला भाग जमिनीवर टेकतो की नाही, हे व्हीलबेस आणि जमिनीपासूनची उंची यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. जमिनीपासूनची उंची २२० मि.मी. धरल्यास २,४०० मि.मी.ची गाडी साधारण २०.८ अंशांचा माथा पार करू शकते, २,८०० मि.मी.ची गाडी १७.९ अंशांतच अडकते. प्रत्यक्षात कंपन्या गाडीचा तळ आकार देऊन थोडा वर घेतात, त्यामुळे जाहीर आकडे जास्त असतात. मात्र फरक कायम राहतो. थारचा हा कोन सुमारे २७ अंश, तर रॉक्सचा सुमारे २४ अंश आहे. पुढच्या आणि मागच्या टोकांचे कोन मात्र दोन्ही गाड्यांत जवळपास सारखेच आहेत, कारण वाढ झाली आहे ती मध्येच. तुंगारेश्वरच्या रस्त्यावरील ओढ्यांचे काठ किंवा पश्चिम पट्ट्यातील जुन्या साकवांचे उंचवटे यांच्या बाबतीत हा फरक जाणवू शकतो. उलट सलग उभ्या चढावर लांब गाडी उजवी ठरते, कारण तिचे वजन एकदम मागच्या चाकांवर ढळत नाही.

दुसरा तोटा वळणाचा. बाकी सर्व तसेच ठेवले, तर व्हीलबेस जितक्या टक्क्यांनी वाढतो साधारण तितक्याच टक्क्यांनी वळणाची त्रिज्याही वाढते. थारवरून रॉक्सकडे जाताना व्हीलबेसमधील वाढ १६ टक्क्यांची आहे. शिवाय वळताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने न जाता आतल्या बाजूने जाते आणि हा आतला ओढा लांब गाडीत अधिक असतो. निर्मळ, गिरीज, होळी, नंदाखाल, आगाशी या गावांतील वाड्यांमधून जाणारे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचा अर्थ लगेच उमगेल. एका बाजूला चिऱ्याचे कुंपण, दुसऱ्या बाजूला केळीची बाग आणि काटकोनातले वळण. तेथे पुढचा भाग सुटतो आणि मागचे दार कुंपणाला घासते. रेंज रोव्हरने यावर उपाय म्हणून मागची चाकेही ७.३ अंशांपर्यंत वळवण्याची सोय केली आहे. कमी वेगात ती पुढच्या चाकांच्या उलट दिशेने वळतात आणि गाडी आखूड असल्यासारखी फिरते. बारा-अठरा लाखांच्या गाडीत अशी यंत्रणा नसते. तेथे चालकाचा अंदाज हीच यंत्रणा!

पाण्याच्या बाबतीत मात्र एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. जुलै २०१८ मधील पावसात वसई-विरार परिसर कित्येक दिवस पाण्यात होता, नालासोपारा येथे रुळांवर पाणी साचून लोकल ठप्प झाल्या आणि मिठागरांत अडकलेल्या कुटुंबांच्या सुटकेसाठी पथके पाठवावी लागली. तेव्हापासून ‘मोठी गाडी घेतली की पाण्याची चिंता नाही’, असे येथे बोलले जाते. पाण्यातून जाण्याच्या क्षमतेचा व्हीलबेसशी काहीही संबंध नाही. ती हवा ओढण्याच्या नळीच्या उंचीवर आणि विजेच्या जोडण्यांच्या संरक्षणावर ठरते. रॉक्ससाठी ही मर्यादा ६५० मि.मी., तर रेंज रोव्हरसाठी ९०० मि.मी. सांगितली जाते, तीही स्थिर पाण्यात आणि संथ वेगात. वाहत्या पाण्यात, रस्ता दिसत नसताना आणि गटाराची झाकणे उघडी असताना या आकड्यांवर विसंबणे जिवावर बेतू शकते. कळंब, राजोडी, अर्नाळ्याच्या ओल्या वाळूचेही तसेच. भरतीच्या वेळी रुतलेल्या गाडीला तिची लांबी वाचवत नाही, उलट बाहेर ओढायचे वजन वाढवते.

कापून जोडण्याचा धोका

कंपनीने लांब केलेली गाडी परवडत नाही, म्हणून जुनी आखूड जीप घेऊन ती गॅरेजमध्ये लांब करून घेण्याचा प्रकार देशात जुना आहे. हरियाणातील डबवालीसारख्या गावांनी अशा जीपच्या व्यवसायात नाव कमावले. चॅसिस कापायची, मध्ये फूटभर लोखंड घालायचे, वेल्डिंग करायचे, की झाली लांब गाडी! वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात दोन टोकांना टेकलेल्या आणि मध्ये भार असलेल्या गजाचे वाकणे हे त्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. चॅसिसचे दांडे तेवढ्याच जाडीचे ठेवून व्हीलबेस २,४५० वरून २,८५० मि.मी. केला, तर लांबी १६ टक्के वाढते. पण त्याच भाराखाली वाकणे सुमारे ५७ टक्क्यांनी वाढते. वेल्डिंगच्या सांध्याची कमजोरी त्याहून वेगळी. मागच्या चाकांना शक्ती पोहोचवणारा दांडाही लांब करावा लागतो आणि तो एका तुकड्यात ठेवल्यास वेगात थरथरू लागतो. म्हणून कारखान्यात तो दोन तुकड्यांत विभागून मध्ये आधार देतात. ब्रेकच्या नळ्या आणि हँडब्रेकची केबल यांचाही हिशेब बदलतो. कारखान्यात नवी लांब आवृत्ती धडक चाचण्यांसह पुन्हा पारखली जाते. गॅरेजमध्ये ती पारख रस्त्यावरच होते, गाडीत माणसे बसलेली असताना.

कायद्याची भूमिका याबाबत निःसंदिग्ध आहे. वाहनाच्या नोंदणीत व्हीलबेसचा आकडा मिलिमीटरमध्ये नोंदवलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करण्यास मनाई असून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद केली. दंडापेक्षा मोठा फटका विम्याचा बसू शकतो. अपघातानंतर सर्वेक्षकाने फीत लावली आणि मोजमाप नोंदणीशी जुळले नाही, तर भरपाईचा दावा अडकतो आणि जखमींच्या उपचारांचा बोजा मालकावर येऊन पडतो.

चार मीटरची रेघ

करांचे गणितही लांबीशी जोडलेले आहे. २००६च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतील छोट्या गाड्यांना सवलतीचा दर लागू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली, तेव्हाही ही रेघ कायम राहिली. लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे १,२०० किंवा डिझेलचे १,५०० सीसीपर्यंत असेल, तर १८ टक्के. अन्यथा ४० टक्के. तीन दारी थारची लांबी ३,९८५ मि.मी. असल्याने तिची दीड लिटर डिझेल आवृत्ती सवलतीत बसते. रॉक्स ४,४२८ मि.मी.ची, म्हणून कोणतेही इंजिन घेतले तरी ती वरच्या दरात जाते. पाच दारी जिम्नी चार मीटरच्या आत राहूनही दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनामुळे सवलतीला मुकते. मागच्या दोन दारांसाठी ग्राहक कंपनीला पैसे देतो तसेच सरकारलाही देतो, हे किंमतपत्रकात ठळकपणे कोठेच लिहिलेले नसते.

वसई-विरारमधील ग्राहकाने अशा गाडीची चाचणी महामार्गावर घेऊन फारसा उपयोग नाही. सरळ रस्त्यावर लांब गाडी छानच वाटणार. ती स्वतःच्या इमारतीच्या फाटकातून आत नेऊन, खांबाला वळसा घालून नेमून दिलेल्या जागेत उभी करून पाहावी आणि मागचे दार पूर्ण उघडते का ते तपासावे. विक्रेते यास सहसा नकार देत नाहीत. नव्या संकुलांत एकावर एक गाड्या ठेवणारी यांत्रिक वाहनतळे असतात. तेथे करारनामा करण्यापूर्वी तबकाची लांबी, रुंदी आणि वजनाची मर्यादा गृहनिर्माण संस्थेकडून लेखी मागून घ्यावी. लांब व्हीलबेसच्या रेंज रोव्हरचे वजन अडीच टनांच्या घरात आहे आणि बहुतेक तबके नेहमीच्या मोटारी डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली असतात.